विचारणाऱ्या बाई

दुपारची भांडी घासून पालथी घातली, की शिलाईवाल्या काकू खिडकीखालच्या मशीनवर बसत. कारखान्यातून शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे येत, कॉलर वेगळ्या, खिसे वेगळे, बाह्या वेगळ्या. काकूंच्या वाट्याला बाह्या जोडायचं काम. हात इतका बसलेला, की डोळे खिडकीबाहेर असले तरी टाका वाकडा पडत नसे. त्या दिवशीही सगळं रोजच्यासारखंच होतं. काकूंचे यजमान पाण्याच्या पंपावर कामाला गेले होते, धाकटी लेक शाळेत होती, आणि थोरल्या नणंदबाई पलंगावर गुडघे पसरून, मलम चोळत, मशीनच्या आवाजावरूनच सूचना देत होत्या, "अगं, दोरा ढिला आहे बघ."

नणंदबाई म्हणजे त्या घराचं तोंड. भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांशी बोलायचं ते त्यांनीच. काकूंना लग्नापासून गप्प बसायची इतकी सवय झाली होती, की कोणी थेट त्यांच्याकडे बघून काही विचारलं, तर त्या आधी मागे वळून बघत, दुसऱ्या कोणाला विचारलंय का म्हणून.

पण रोजच्यासारखं दिसणाऱ्या त्या घरात काकू गेले कित्येक महिने भीतीच्या छायेत वावरत होत्या. रविवारी धाकटीचं लग्न होतं, तिच्या मेलेल्या बहिणीच्या नवऱ्याशी.

मोठी गेली ती सासरच्या जिन्यावरून पडून. निदान तसं सांगितलं गेलं. तेव्हा तिचं बाळ अंगावर पीत होतं, आता ते भिंत धरून उभं राहायला लागलं होतं. जावयाचं काचेच्या सामानाचं दुकान होतं. बोलणं मऊ, वागणं नम्र, आला की आधी नणंदबाईंच्या पाया पडणार. त्यानेच हळूच विषय काढला होता. नणंदबाईंनी तो उचलून धरला. शेजारीपाजारी म्हणाले, सावत्र आई येण्यापेक्षा सख्खी मावशी कधीही बरी. यजमानांनी मान हलवली. हे सगळं इतक्या मायेच्या शब्दांत बोललं गेलं, की शाळेच्या शेवटच्या वर्गात बसणारी, अठराही पूर्ण न झालेली एक मुलगी त्यात होरपळणार आहे, याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. तिला विचारावं असं तर कोणालाच सुचलं नाही. काकूंनाही नाही.

आणि नेमक्या त्याच दिवसांत विचारणाऱ्या बाई घरी यायला लागल्या होत्या.

हे नाव त्यांना गल्लीनेच दिलेलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांची ओळख करून दिली होती. विद्यापीठातून आल्या होत्या. लग्न झालेल्या मुली माहेरी काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, यावर त्यांचं काम चाललं होतं, आणि त्यासाठी त्या अशा मुलींच्या आयांना भेटत होत्या. पहिल्या दिवशी नणंदबाईंनीच सगळी उत्तरं दिली. काकूंनी तोंड उघडलं की त्या म्हणत, "तिला काय कळतंय, मी सांगते." दुसरी कोणी असती तर वैतागली असती. या बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आत्या, तुमच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. तुमच्यासाठी मी वेगळा दिवस काढते." आणि खरंच काढला. पूर्ण दुपारभर त्यांनी नणंदबाईंचं बालपण, वैधव्य आणि दोन्ही गुडघे मन लावून ऐकून घेतले. नणंदबाई इतक्या खूश झाल्या, की पुढच्या खेपेला स्वतःच म्हणाल्या, "तुम्ही बसा हिच्याशी. मी दवाखान्यात जाऊन येते."

म्हणून त्या दुपारी नणंदबाई मलम आवरून गेल्यावर घरात दोघीच होत्या.

बाईंनी खुर्ची समोर न ठेवता मशीनच्या बाजूला ओढली. म्हणजे तोंडाकडे बघत बसावं लागणार नव्हतं. मग आवाज टिपणारं छोटं यंत्र दाखवून म्हणाल्या, "हे चालू ठेवू का, काकू? नको असेल तर नको."

"नको," काकू चटकन म्हणाल्या, आणि आपण कोणाला तरी नको म्हणालो याचीच त्यांना भीती वाटली. बाईंनी मात्र यंत्र पिशवीत टाकलं.

"एखादा प्रश्न नको वाटला तर उत्तर देऊ नका. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, कारणसुद्धा सांगू नका. तुम्ही सांगाल ते मी दुसऱ्या कोणाच्या कानावर घालणार नाही. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. कोणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं, त्यातून ते मूल असेल, तर मला गप्प बसता येणार नाही. पण तसं पाऊल उचलायच्या आधी तुम्हाला सांगेन."

काकूंनी मान हलवली. त्यांना आदल्या वर्षीचा माणूस आठवला. तोही असाच काहीतरी विचारत आला होता. दारातच उभा राहिला. घरातल्या बायकांना, मुलींना कोणाचा त्रास होतो का? हो की नाही? काकूंच्या मागे यजमान उभे, बाजूला नणंदबाई. काकू "नाही" म्हणाल्या. त्याने कागदावर खूण केली आणि तो पुढच्या दाराशी गेला. तेव्हा मोठी जिवंत होती.

"मोठीबद्दल सांगा ना," बाई म्हणाल्या. "कुठूनही सुरू करा."

एवढंच. काकू वाट बघत राहिल्या, पुढे काही विचारतील म्हणून. बाईंनी काहीच विचारलं नाही. मशीनजवळ पडलेली कात्री उचलली आणि जोडून झालेल्या बाह्यांचे लोंबणारे दोरे कापायला लागल्या. काकूंनी मशीन जोरात चालवलं. भिंतीपलीकडे शेजारीण होती. त्या आवाजाच्या आडोशाने त्या बोलायला लागल्या, आधी मोठीच्या लहानपणाचं, मग लग्नाचं. मध्येच थांबत. बाई नुसतंच "मग?" म्हणत, किंवा तेही म्हणत नसत. आणि त्या शांततेची काकूंना हळूहळू भीती वाटेनाशी झाली.

"शेवटची आली होती तेव्हा म्हणाली, आई, मला दोन कुडते शिवून दे. मी मापं घ्यायला लागले. दंडाला टेप लावला..." काकूंचा पाय थांबला. मशीन थांबलं, तसा त्यांनी घाईघाईने पुन्हा पाय हलवला. "दंडावर बोटं उमटली होती. चारही. काळीनिळी. मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, बाह्या लांब शिव, आई. मनगटापर्यंत."

बाईंची कात्री थांबली.

"उकाड्याचे दिवस होते हो ताई. आणि मी शिवल्या. मनगटापर्यंत शिवल्या. निघताना म्हणाली, मला इथेच ठेवून घे ना थोडे दिवस. वन्सं म्हणाल्या, सारखं माहेरी राहणं बरं दिसत नाही. मी... मी डबा भरून दिला बरोबर."

काकूंनी पुढची बाही ओढली. मग बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "आत्ता, या घडीला, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

काकू उत्तर देणार तोच गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वाजली. तो आवाज त्या झोपेतही ओळखू शकल्या असत्या. त्या चटकन उठून उभ्या राहिल्या.

जावयाने नणंदबाईंना दवाखान्यातून स्कूटरवर आणलं होतं. आत येताच त्याने हसून नमस्कार केला. "तुम्हीच का त्या? आत्या फार कौतुक करतात तुमचं. काय काय सांगितलं आमच्या सासूबाईंनी?"

"त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा त्या सांगतील तुम्हाला," बाई उठत म्हणाल्या.

"आवाजबिवाज भरून घेता म्हणे. ऐकवा की आम्हालाही." तो दारातच उभा होता. वाट अडवली आहे असं म्हणता आलं नसतं, पण वाट उरलीही नव्हती.

"आज काही भरलेलं नाही. आणि भरलं असतं तरी ते काकूंचं असतं, ऐकवायला माझं नाही."

बाईंचा आवाज स्थिर होता, पण पिशवीचा बंद धरलेली बोटं थरथरत होती. ते काकूंना दिसलं. शिकलेली, चार लोकांत वावरणारी ही बाईसुद्धा घाबरते, हे बघून त्यांना का कोण जाणे, धीर आला. जावई बाजूला सरला. जाताना बाई एवढंच म्हणाल्या, "बाजारामागच्या महिला मदत केंद्रात रोज सकाळी मी असते, काकू. आपलं बोलणं अर्धं राहिलंय. तुम्ही याल का?"

जावई गेल्यावर नणंदबाई कौतुकाने म्हणाल्या, "बघ, स्वतःचं दुकान सोडून मला आणायला आला." काकू बाह्या जोडत राहिल्या, आणि लग्नापासून पहिल्यांदाच त्यांचा टाका वाकडा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आरशासमोर वेणी घालत असताना काकूंनी खोलीचं दार लोटून घेतलं.

"या लग्नाचं तुला काय वाटतं?"

धाकटीने आरशातूनच त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही सगळे म्हणाल तसं."

एरवी एवढ्यावर बोलणं संपलं असतं. काकूंनाही ते संपावंसं वाटत होतं, कारण पुढे काय ऐकावं लागेल याची त्यांना धास्ती होती. पण त्या उठल्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. धाकटीने वेणी घातली, सोडली, पुन्हा घालायला घेतली.

"ताई म्हणाली होती, इकडे राहायला येऊ नकोस," ती अखेर म्हणाली. "कितीही बोलावलं तरी. मी सुट्टीत गेले होते ना, तेव्हा भाऊजींनी ताईला न्हाणीघरात कोंडून बाहेरून कडी लावली. मी रडायला लागले तर म्हणाले, अगं गंमत केली. आई, ते हसत होते. ताई आतून दारसुद्धा वाजवत नव्हती."

"मला का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते काकूंच्या जिव्हारी लागलं. "पण मी जाईन आई. मी नाही गेले तर बाळाला कोण बघेल?"

मोठीने अंगावरचे वळ झाकले होते, आणि आता बाळाला वाचवायला धाकटी त्याच घरात स्वतःहून पाऊल ठेवायला निघाली होती. काकूंनी तिला जवळ घेतलं.

लग्नाचं शेवटचं बोलणं करायला जावई शुक्रवारी दुपारी आला. बाळालाही घेऊन आला होता. यजमान खास रजा घेऊन घरी थांबले होते. नणंदबाईंनी चहा टाकायला सांगितला. काकूंनी चहा आणला, कप सगळ्यांच्या हातात दिले, आणि स्वयंपाकघरात परत न जाता जावयासमोरच्या स्टुलावर बसल्या. घरातल्या बैठकीत त्या अशा कधी बसल्या नव्हत्या.

"मला त्या दिवसाचं ऐकायचंय," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की यजमानांनी "काय?" म्हणून विचारलं. "मोठी पडली त्या दिवसाचं. सकाळपासून सांगा."

"आता आणि काय मध्येच?" नणंदबाई म्हणाल्या.

"असू द्या आत्या, आईचं मन आहे." जावई हसला. "सांगितलंय ना मी तुम्हाला. कपड्यांची बादली घेऊन उतरत होती. पाय घसरला."

काकू विचारणाऱ्या बाईंसारख्या नुसत्या वाट बघत राहिल्या.

"मी वर होतो. आवाज ऐकून धावलो."

"मग?"

"मग काय? दवाखान्यात नेली." त्याने कप खाली ठेवला. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. "जिना ओला होता. मी तिला दहादा सांगितलं होतं, सकाळच्या वेळी खाली जायचं नाही म्हणून. पण सांगितलेलं ऐकेल तर शपथ. निघायचंच होतं तिला."

"कुठे निघायचं होतं?" हा प्रश्न यजमानांचा होता. त्यांच्या तोंडून तो असा निसटला, की तेच दचकले.

"कुठे म्हणजे? इथे! ऊठसूट इथे! बाळाला काखोटीला मारून निघाली होती, माझ्या घरातून, मला न विचारता..." आणि जावयाने टेबलावर हात आपटला.

कप उलटला. चहा सांडला. जमिनीवर रांगणारं बाळ जागच्या जागी थिजलं. ते रडलं नाही. त्याने दोन्ही चिमुकले हात डोक्यावर घेतले, मान आत ओढली आणि डोळे घट्ट मिटून ते तसंच बसून राहिलं. आता काय येणार हे ठाऊक असलेल्या मोठ्या माणसासारखं.

खोलीतल्या प्रत्येकाने ते बघितलं. नणंदबाईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

बादली घेऊन उतरणारी बाई आणि बाळ घेऊन माहेरी निघालेली बाई एक नव्हती. हे सांगायला कोणा वकिलाची गरज नव्हती.

"हे लग्न होणार नाही," काकू म्हणाल्या.

जावयाचा चेहरा पुन्हा मऊ झाला, आणि तेच जास्त भयंकर होतं. "बरं," तो म्हणाला. "मग याचं तोंडही विसरा." त्याने बाळाला उचललं. यजमान दारात आडवे झाले, पण बाळाच्या बापाला कोणत्या हक्काने अडवायचं हे त्यांना उमजेना, आणि त्या अडखळण्यात तो त्यांना ढकलून निघून गेला. आतल्या खोलीतून धाकटी अनवाणी त्याच्या मागे धावली. स्कूटर गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. बाळ तेव्हाही रडत नव्हतं.

काकू उंबऱ्यातच खाली बसल्या. आपण बोललो म्हणून आता ते लेकरू मरणार, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात घणासारखा आदळत होता. जन्मभर गप्प होतो तेच बरं होतं, असंही एकदा मनात आलं.

त्यांना दंडाला धरून उठवलं ते नणंदबाईंनी. "ती विचारणारी कुठे बसते म्हणाली होती?"

"बाजारामागे. पण सकाळी असते ती."

"ती नसेल तर दुसरं कोणी असेल. चल. चप्पल घाल."

चौघं निघाले. नणंदबाईंना दर थोड्या अंतरावर थांबावं लागत होतं, पण रिक्षा मिळेपर्यंत त्यांनी गुडघ्याचं नाव काढलं नाही. केंद्रात विचारणाऱ्या बाई नव्हत्या. टेबलामागे चष्मा लावलेल्या एक वयस्कर अधिकारी बसल्या होत्या. चौघांना एकदम आत आलेलं बघून त्यांनी नणंदबाईंकडे वळून विचारलं, "बोला, काय झालं?"

नणंदबाईंनी सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. "ही सांगेल," त्या म्हणाल्या, आणि काकूंना खुर्चीवर बसवून स्वतः मागे उभ्या राहिल्या.

काकूंनी सांगितलं. रडत, मध्ये थांबत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत, पण सगळं सांगितलं. बोटांचे वळ, लांब बाह्या, न्हाणीघराची कडी, डोक्यावर हात घेतलेलं बाळ. अधिकारी बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर फोन उचलला, आणि अंधार पडायच्या आत पोलिसांतल्या दोघी बायका आणि बालसंरक्षणाचे एक गृहस्थ जावयाच्या दारात उभे होते.

सगळं लगेच नीट झालं असं नाही. बाळाच्या पाठीवर काय काय सापडलं, ते डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा यजमान भिंतीला डोकं टेकून उभे राहिले. बाळ आधी सरकारी देखरेखीत राहिलं, मग बऱ्याच फेऱ्यांनंतर कोर्टाच्या हुकमाने आजीआजोबांकडे आलं. मोठीच्या मृत्यूची चौकशी नव्याने सुरू झाली. ती संथ चालली आहे. जावई जामिनावर सुटला आहे. कधीकधी गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वाजते आणि काकू धावत जाऊन दाराची कडी लावतात. गल्लीतले काही जण त्यांच्याशी बोलत नाहीत. भरल्या घराची अब्रू चव्हाट्यावर मांडली, असं त्यांचं म्हणणं. मोठीच्या दंडावर बोटं उमटली तेव्हा ही अब्रू कुठे होती, हे मात्र त्यांच्यापैकी कोणी सांगत नाही.

धाकटी परीक्षेला बसली. विचारणाऱ्या बाईंचं काम संपलं, तरी त्या अधूनमधून येतात आणि आधी नणंदबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करतात.

परवा दुपारी वरच्या मजल्यावरची नवी सून खाली आली. लग्न होऊन आल्यापासून ती कोणाकडे गेलेली नव्हती. दारात उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सहज आले."

कोणी असं सहज येत नाही, हे काकूंना आता ठाऊक होतं. आणखी एका घराचा अंधार आपल्या घरात येऊ बघतोय, या जाणिवेने त्या घाबरल्या. नको म्हणावं, काम आहे म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं.

त्या सरकल्या, पलंगावर जागा केली आणि म्हणाल्या, "ये, बस. मला काही घाई नाही."